लॉर्ड ऑस्मर्लींची रजा

एल्व्हर हाउस
९ ऑक्टोबर १८६८

प्रिय फिलिपा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. त्यातली एक व्हिटबीच्या वाऱ्याबद्दल आणि एक माझ्या संधिवाताबद्दल. उरलेल्या दोन तुझ्या वडिलांसाठी होत्या, म्हणून त्यांना संपूर्ण चिठ्ठी वाचून दाखवली. अँब्रोज आपला चष्मा कुठे ठेवतो ते देव जाणे, तेव्हा हल्ली वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आलंय.

तू लिहितेस, "बाबांनी डचेसकडे रजा मागावी. स्वतःच्या तोंडाने, एकदाच. मग माझं दार उघडं आहे."

वाचून झाल्यावर मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर माळी पानं गोळा करत होता, त्याच्याकडे पाहत बसले. मग अँब्रोज म्हणाला, "एवढंच मागितलंय तिने?" मी म्हटलं, "एवढंच. तुझ्या डोक्यावरचा मुकुट मागितलेला नाही." तो हसला नाही.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं समजू नकोस. तुझी आई तिकडे हेरफर्डशरला अंथरुणावर होती, तू सोळा वर्षांची पोर तिच्या उशाशी बसून होतीस, आणि तुझा बाप इथे डचेसच्या खुर्चीमागे उभा राहून वाट बघत होता, की बाईसाहेब कधी विचारतील, "ऑस्मर्ली, तुमच्या पत्नीची प्रकृती कशी आहे?" त्यांनी विचारलं असतं तर तो त्याच संध्याकाळी निघाला असता. त्यांनी विचारलं नाही. त्या आठवड्यात त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. कॅरोलाइन गेल्याचं कळल्यावर मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने विणलेली काळी शाल पाठवली. ती तू चुलीत घातलीस म्हणे. बरं केलंस.

तेव्हा मी त्याची बाजू घेत नाहीये. पण तू जहाजवाल्याच्या घरात गेल्यापासून इथल्या रीती विसरली असशील तर आठवण करून देते. राजघराण्यातल्या माणसासमोर आपण विषय काढायचा नसतो. त्यांनी बोलावं, आपण उत्तर द्यावं. त्यांनी बस म्हणेपर्यंत उभं राहावं, आणि जाताना पाठ न दाखवता दारापर्यंत उलटं चालत जावं. अँब्रोज हे सगळं तीस वर्षं करत आलाय. आणि ड्यूक गेल्यापासून डचेसना 'रजा' हा शब्दच सहन होत नाही. त्या नाही म्हणत नाहीत, रागवतही नाहीत. रजा घेऊन गेलेलं माणूस परत आलं की त्यांना ते दिसत नाही, एवढंच. गेल्या वर्षी मिसेस लाइल बहिणीच्या लग्नाला जाऊन आली, तर तिच्या खोलीत दुसऱ्याच बाईची पेटी मांडलेली.

अँब्रोजची तब्येत बरी आहे. डोळे जरा थकतात, वयाप्रमाणे. काळजीचं काही नाही.

तुझी,
लेटी आत्या


एल्व्हर हाउस
३० ऑक्टोबर

प्रिय फिलिपा,

तुझ्या बापाने अजून विचारलेलं नाही. पण डचेसनी आपण होऊन विचारावं म्हणून आम्ही सगळ्यांनी जी नाटकं केली ती ऐक. तुला हसू आलं तर ये, राग आला तरी चालेल.

कारभार बघणारे कर्नल ट्रेल स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी जेवणाच्या टेबलावर तुमच्या व्हिटबीकडच्या यॉर्कशरच्या रेल्वेचा विषय काढायचं ठरवलं. काढायचा म्हणजे डचेसशी नव्हे, पलीकडे बसलेल्या बिशपशी, पण डचेसना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बिशप बिचारे गोंधळले. ते म्हणाले, "मी कधी तिकडे गेलो नाही आणि जाण्याचा विचारही नाही." झालं, विषय संपला.

मग मुदपाकखान्यातून व्हिटबीचे हेरिंग मासे आले. डचेसनी त्यातला काटा बाजूला काढला आणि म्हणाल्या, "काटे फार आहेत." आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. पुढे काही नाही.

शेवटी मी माझं जेटचं पदक काढलं, आईचं. सुतकात घालतात ते काळे दगड तुमच्या व्हिटबीच्या कड्यांतूनच निघतात, हे इंग्लंडातल्या प्रत्येक विधवेला ठाऊक आहे. डचेसच्या अंगावर तर पोतंभर जेट असेल. मी ते गळ्याशी लावून त्यांच्यासमोर दिव्याच्या उजेडात येऊन उभी राहिले. म्हटलं, आता विचारतील, हे कुठलं, मग मी व्हिटबी म्हणेन, मग त्यांना आठवेल की ऑस्मर्लीची मुलगी तिकडेच असते. त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "काळं तुम्हाला शोभतं, लेटिशिया."

अँब्रोज खुर्चीमागे उभा होता. त्याचे ओठ हलले, हे मी पाहिलं. आवाज बाहेर आला नाही.

त्यानंतर खोलीत येऊन मी त्याला चांगलं झापलं. म्हटलं, "लढाईत घोड्यावरून तोफेसमोर गेलास, आणि एका म्हातारीसमोर तुझं तोंड उघडत नाही?" तो म्हणाला, "तोफेसमोर जायला कुणीतरी हुकूम दिला होता, लेटी."

आता एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही, कारण लपवली तरी तू ओळखशील. त्याने रजा मागावी असं मला मनापासून वाटतं का? अर्ध्या मनाने वाटतं. या एल्व्हर हाउसमधल्या दोन खोल्या मला मिळाल्यात त्या अँब्रोजची बहीण म्हणून. तो गेला तर मी कुठे जाणार? मामेभावाकडे? त्याच्या बायकोला माझा खोकलासुद्धा महागात पडतो. रात्री पडल्या पडल्या हे सगळं मनात येतं आणि मग सकाळी तुझ्या बापाला सांगताना माझा आवाज जरा मऊ पडतो. परवा तर मी चक्क म्हणाले, "राहू दे रे, वसंतात बघू." त्याने माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाला, "वसंतापर्यंत माझ्याकडे वेळ आहे असं तुला कुणी सांगितलं?"

तो हल्ली दालनात चालताना माझी बाही धरतो. फरशीला मेण जास्त लावतात, घसरतं, म्हणतो.

तुझ्या सासरच्या मंडळींना नमस्कार. तुझ्या नवऱ्याचा, जोनासचा, खांदा बरा झाला का? जहाजावरून पडणारा माणूस मला पहिल्यापासून आवडलाय, असं त्याला सांग.

लेटी आत्या


एल्व्हर हाउस
१७ नोव्हेंबर

फिलिपा,

त्याने मागितली.

काल दुपारी चहाच्या वेळी. डचेस, कर्नल ट्रेल, मी, दोन तरुण बायका आणि त्या कुत्रीची आता मोठी झालेली पिल्लं. डचेस बोलत होत्या ते ड्यूकच्या थडग्यावरच्या संगमरवराबद्दल. संगमरवर पिवळा पडतोय म्हणून त्यांना फार वाईट वाटत होतं. त्या क्षणभर थांबल्या, कपाला हात लावला, आणि त्या शांततेत खुर्चीमागून तुझ्या बापाचा आवाज आला.

"मॅम, मला माझ्या मुलीकडे जायचंय. मला रजा हवी आहे."

कर्नलच्या हातातला चमचा बशीत पडला. त्या दोघी पोरी एकमेकींकडे न पाहता कशाबशा उभ्या राहिल्या. मी डचेसच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी ऐकलं, हे मी शपथेवर सांगते. मानेजवळची शीर उडाली त्यांची. मग त्या कर्नलकडे वळून म्हणाल्या, "तर मी म्हणत होते, तो दगड बदलायलाच हवा."

नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हणायला समोर कुणीतरी असावं लागतं.

अँब्रोजने लवून नमस्कार केला, आणि फिलिपा, तो वळला. त्याने डचेसकडे पाठ केली आणि सरळ चालू लागला. तीस वर्षांत त्या खोलीत कुणी पाठ फिरवलेली मी पाहिली नाही. मला वाटलं छत खाली येईल. काही झालं नाही. पिल्लं मात्र त्याच्यामागे धावली.

आणि मग तुझ्या बापाची फजिती. त्या दालनातून तो नेहमी उलटा चालत बाहेर पडायचा. दार त्याच्या पाठीला ठाऊक, तोंडाला नाही. गेला तो थेट खिडकीच्या पडद्याकडे. पडद्याला हात लागला तसा थांबला, चाचपलं, दुसरीकडे वळला तर तिथे पियानो. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मला सोसलं असतं. मी माझा कप खाली ठेवला, डचेसना पाठ दाखवून खोली ओलांडली, आणि त्याचा हात धरून त्याला दाराबाहेर काढलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "आवाज नीट आला ना माझा?" मी म्हटलं, "खणखणीत आला."

आज सकाळी कर्नल ट्रेल आले होते. उभ्यानेच बोलले, टोपी हातात. "लेडी लेटिशिया, मला हे सांगताना फार वाईट वाटतंय. शनिवारपर्यंत या खोल्या लागतील." मी विचारलं, "आणि माझ्या भावाची रजा? मंजूर झाली की नाही?" ते म्हणाले, "त्याबद्दल बाईसाहेब काही बोलल्या नाहीत. त्यांना विचारणार कोण?"

तेव्हा आम्ही निघतोय. तुझ्या घरी उतरणार नाही, बंदरावर एक 'थ्री केबल्स' नावाची सराई आहे म्हणतात, तिथे राहू. तुला स्टेशनवर यायची गरज नाही. तू घातलेली अट त्याने पुरी केली, एवढं मात्र मनात ठेव.

मी खोल्यांमधलं सामान आवरतेय. इतक्या वर्षांत किती थोडं जमलंय, याचंच नवल वाटतं.

लेटी आत्या


थ्री केबल्स, व्हिटबी
२४ नोव्हेंबर

प्रिय फिलिपा,

आम्ही येऊन तीन दिवस झाले. आल्या आल्या मी चिठ्ठी पाठवली होती. सराईची मालकीण मिसेस डॅगेट स्वतः देऊन आली. ती म्हणते तू दारात उभं राहूनच वाचलीस आणि "बरं" म्हणालीस. त्या 'बरं'चा अर्थ काय लावायचा यावर मी आणि मिसेस डॅगेट काल बराच वेळ बोललो. तिचं म्हणणं, "आमच्याकडे 'बरं' म्हणजे 'बघते', बाईसाहेब. 'नाही' म्हणायचं असलं तर आम्ही 'नाही'च म्हणतो." मला ही बाई आवडली. तिच्या अंड्यांना माशांचा वास येतो, तरीही.

प्रवास अँब्रोजला बाधला. गाडीत थंडी लागली, छातीत कफ भरलाय. इथले डॉक्टर आले होते. जाताना मला जिन्यावर थांबवून हळू आवाजात बोलले. ते काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की यायचं असेल तर लवकर ये.

सकाळ झाली की तो उठतो. मी नको म्हणते, तो ऐकत नाही. दाढी करवून घेतो, काळा कोट घालतो, आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसतो. मी म्हटलं, "फिलिपाच्या घरापर्यंत पालखी करून नेऊ का त्याला?" म्हणजे हे मी मिसेस डॅगेटला म्हटलं. ती म्हणाली टेकडीवरच्या पायऱ्या ठणठणीत माणसालाही नकोशा होतात.

काल मी त्याला म्हटलं, "मी स्वतः जाते आणि तिला घेऊन येते." त्याने माझं मनगट धरलं. "जाऊ नकोस. ती आपण होऊन आली तर येऊ दे. दया आली म्हणून नको."

फिलिपा, काही गोष्टी मी तुला लिहीत नाही, कारण मी त्याला तसा शब्द दिलाय. पुस्तकांत लोक असे शब्द पाळतात तेव्हा छान वाटतं. खरोखर पाळताना माणूस मूर्ख दिसतं.

तुला त्याचा राग आहे, तो असू दे. राग घेऊनच ये. इथे ठेवायला जागा आहे.

लेटी आत्या


थ्री केबल्स
२६ नोव्हेंबर, दुपार

फिलिपा,

तू येऊन गेलीस. मी औषधवाल्याकडे गेले होते, आणि तेवढ्यात तू येऊन गेलीस.

मिसेस डॅगेटने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "त्या आल्या, नाव सांगितलं, मी म्हटलं वर चला. त्या म्हणाल्या, मी एकटीच जाईन. मी जिन्याखाली उभी. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. मला वाटलं दोघं रडतायत, रडू दे. मग त्या खाली आल्या, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, घोटभर चहा घ्या, बाई. तर म्हणाल्या, 'माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत.' आणि गेल्या त्या टेकडीकडे, शालसुद्धा नीट न घेता."

मी वर धावले. या वयात जिना धावत चढले. तो अजून उभाच होता, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मी म्हटलं, "बस." बसला. मग मला म्हणाला, आणि हेही मी जसंच्या तसं लिहिते:

"लेटी, डचेसकडून कुणी बाई आल्या होत्या. मी लगेच उठलो. त्या बोलल्या नाहीत, म्हणून मीही बोललो नाही. बराच वेळ उभ्या होत्या. बहुधा रजेबद्दल सांगायला आल्या असतील आणि सांगवलं नसेल. मी बरोबर वागलो ना?"

मी म्हटलं, "हो. बरोबर वागलास."

आता मी माझा शब्द मोडते. तो आंधळा आहे, फिलिपा. उन्हाळ्यापासून त्याला काहीही दिसत नाही, उजेडसुद्धा नाही. चष्मा हरवत नव्हता, फरशी घसरत नव्हती, दालनातलं दार त्याला तोंडाने सापडलं नाही ते म्हणूनच. डचेसच्या खुर्चीमागे तो सगळे महिने आवाजाच्या अंदाजाने उभा राहिला आणि त्यांना ते कळलंही नाही. तुला सांगू नये म्हणून त्याने मला बायबलवर हात ठेवायला लावला होता. म्हणाला, "ती माझ्यासाठी येऊ दे. माझ्या डोळ्यांसाठी नको." मी हात ठेवला. माझं चुकलं की नाही याचा विचार करायला मला नंतर भरपूर वेळ मिळणार आहे.

तो तुझ्या तोंडाकडे बघत नव्हता. दारात कुणी बाई आली एवढंच त्याला कळलं, आणि बाई आली की उभं राहायचं आणि तिने बोलेपर्यंत बोलायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलंय. तू वाट बघत होतीस की एकदा तरी त्याने आधी बोलावं. तोही वाट बघत होता. तुम्ही दोघं बापलेक एका खोलीत समोरासमोर उभे होता आणि मी गल्लीच्या टोकाला खोकल्याचं औषध विकत घेत होते.

कोण आलं होतं हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगण्याची हिंमत झाली नाही. तू परत येणार नसशील तर कधीच सांगणार नाही. डचेसची बाई आली होती आणि आपण तिच्याशी रीतीने वागलो, एवढं समाधान घेऊन तो जाईल. डॉक्टर रविवारच्या पलीकडचं काही बोलत नाहीत. आत्ता तो निजलाय, पण कोट काढू देत नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की निजल्या निजल्या पाय खाली सोडतो.

मिसेस डॅगेट हे पत्र घेऊन येतेय. तिला उत्तर देऊ नकोस, तिच्याबरोबर निघ. आणि वर आलीस की उंबऱ्यावरूनच हाक मार. बाबा म्हण, अँब्रोज म्हण, शिवी दे हवी तर, पण आधी तू बोल. तू बोलेपर्यंत तो बोलणार नाही, आणि आता त्याला दुसरं काही शिकवायला वेळ उरलेला नाही.

लेटी आत्या